कवडीचा हिशेब: संदाबूर ते माली

चवथीच्या आधी घर झाडायला काढले की माळ्यावरचा एक पत्र्याचा डबा दरवर्षी खाली येतो, आणि दरवर्षी तो नुसता पुसून परत वर जातो. या वर्षी माझ्या नातीने तो उघडला. आत माझ्या आजीच्या सारीपाटाचा कापडी पट होता, रंग उडालेल्या लाकडी सोंगट्या होत्या आणि तेवीस कवड्या होत्या. सारीपाटाला एवढ्या कवड्या लागत नाहीत. नीट पाहिल्यावर लक्षात आले की सहा कवड्या अखंड आहेत आणि उरलेल्या सगळ्यांच्या पाठी फोडलेल्या आहेत. त्या भोकांच्या कडा दोरा घासून घासून गुळगुळीत झाल्या होत्या. कधीतरी त्या ओवलेल्या असणार. माळेत, गुरांच्या गळ्यात की आणखी कशात, हे सांगणारे आता घरात कोणी उरलेले नाही.

"आजोबा, ह्याचे किती येतील?" नातीने विचारले. एकतीस वर्षे पणजीतल्या एका बँकेत निर्यातीचे कागद तपासलेल्या माणसाला असा प्रश्न विचारू नये. मी सवयीने "कवडीमोल" म्हणालो आणि तिला विनोद कळला नाही. मलाही रात्री झोप लागेपर्यंत तो पुरता कळला नव्हता, कारण कवडीचे मोल किती याचे दोन अगदी काटेकोर आकडे एका माणसाने लिहून ठेवले आहेत आणि ते मी पूर्वी वाचलेले होते.

तो माणूस म्हणजे इब्न बतूता. मोरोक्कोतल्या तांजियर गावी 1304 मध्ये तो जन्मला, 1325 मध्ये हजसाठी घराबाहेर पडला आणि पुढची सुमारे तीस वर्षे बहुतेक काळ फिरतच राहिला. 1343-44 मध्ये तो मालदीव बेटांवर काझी होता. तेथे समुद्रातून कवड्या गोळा करून खड्ड्यांत टाकतात, आतला जीव कुजून गेला की पांढरे कवच उरते आणि त्यावरच सगळा व्यवहार चालतो, असे तो लिहितो. एका सोन्याच्या दीनाराला चार लाख कवड्या मिळतात आणि भाव पडला की याहूनही कितीतरी जास्त. पुढे आठ-नऊ वर्षांनी हाच माणूस सहारा ओलांडून पश्चिम आफ्रिकेतल्या माली राज्यात गेला. तेथेही बाजारात त्याला कवड्या दिसल्या आणि त्याने भाव टिपला: एका दीनाराला 1,150. या दोन नोंदी शेजारी ठेवल्या तर भाव सुमारे साडेतीनशे पटीने चढलेला दिसतो. माली समुद्रापासून आत, वाळवंटाच्या पलीकडे. त्या कवड्या तेथल्या नव्हेत. हिंदी महासागरातून अरबस्तान आणि इजिप्तच्या बाजूने उत्तर आफ्रिकेत, तेथून उंटांच्या पाठीवरून दक्षिणेला, अशा त्या गेलेल्या. वाटेत किती जणांनी त्या मोजल्या असतील आणि प्रत्येकाने आपला वाटा काढून घेऊन पुढच्याच्या हवाली केल्या असतील, याचा विचार करत मी पडून होतो.

हा मनुष्य आमच्या गोव्यातही आला होता, आणि तो पाहुणा म्हणून आला नव्हता. अरबांच्या लिखाणात गोव्याचे नाव संदाबूर असे येते. गोव्यावर राज्य करणाऱ्या कदंब घराण्याच्या जुन्या चंद्रपुरावरून, म्हणजे आजच्या चांदर गावावरून ते पडले असे सामान्यतः मानले जाते. 1342 मध्ये होनावरचा सुलतान जमालुद्दीन याने बावन्न जहाजांचा काफिला घेऊन संदाबूरवर स्वारी केली, तेव्हा इब्न बतूता त्या काफिल्यात होता. संदाबूरच्या राजाच्या मुलाचे बापाशी बिनसले होते आणि त्यानेच होनावरला पत्र लिहून बोलावणे धाडले होते. दोन जहाजे मागच्या बाजूने उघडणारी होती. घोडेस्वार आतच खोगिरावर बसून चिलखते चढवत आणि थेट किनाऱ्यावर उतरत. आमचा प्रवासी ढाल-तलवार घेऊन इतरांबरोबर पाण्यात उडी टाकतो. हे सारे तो अशा थंडपणे सांगतो की आपण तिसवाडीच्याच एखाद्या गावाबद्दल वाचतो आहोत, जेथल्या लोकांची त्या दिवशी घरे गेली, याची वाचताना स्वतःला आठवण करून द्यावी लागते.

त्याने केलेले वर्णन मात्र नेमके आहे. संदाबूर हे बेट आहे, त्यात छत्तीस गावे आहेत, भोवती खाडी आहे, तिचे पाणी ओहोटीला गोड आणि भरतीला खारट असते. दोन शहरे आहेत, एक जुने आणि दुसरे मुसलमानांनी वसवलेले, आणि बगदादच्या मशिदींशी तुलना व्हावी अशी एक मोठी मशीद आहे. छत्तीस कोठून आले हे तोच जाणे. आमच्या तालुक्याचे नाव तीसच वाड्या सांगते. ओहोटीच्या पाण्याबद्दलही येथला माणूस लगेच शंका घेईल, कारण मे महिन्यात झुवारीचे पाणी ओहोटीलाही तोंडात धरवत नाही. परंतु तो ऑक्टोबरमध्ये आला होता. पावसाचे पाणी नुकतेच उतरत असते, खाजनांच्या, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतांच्या, मानशीतून (बांधातल्या दारातून) गोडे पाणी बाहेर पडत असते, तेव्हा त्याचे म्हणणे अगदीच चुकीचे नसावे असे मला वाटते.

या स्वारीपेक्षा होनावरबद्दलच्या त्याच्या एका ओळीने मला जास्त विचारात पाडले. होनावर येथून फार दूर नाही. कारवारच्या पुढे, शरावतीच्या मुखाशी. त्या गावात मुलींच्या तेरा आणि मुलांच्या तेवीस शाळा आपण पाहिल्या आणि अशी गोष्ट दुसरीकडे कोठेही पाहिली नाही, असे तो लिहितो. तेथल्या स्त्रियांना कुराण मुखोद्गत आहे, आणि लोकांचा उदरनिर्वाह सागरी व्यापारावर आहे, कारण शेतजमीन नाही. शेती नसलेल्या एका बंदरगावात छत्तीस शाळा! पहिल्या वाचनाला मी याला धर्मनिष्ठेचा नमुना समजून पुढे गेलो होतो. या वेळी मात्र बँकेतला जुना मनुष्य माझ्यात जागा झाला आणि त्याने विचारले की या शाळांचा त्या जहाजांशी काही संबंध होता की नाही.

माझे टेबल लेटर ऑफ क्रेडिटचे, म्हणजे ठरलेले कागद बरोबर आले तर पैसे देऊ या बँकेच्या हमीचे होते. मुरगावहून खनिज जपानला जाई. बार्जी मांडवी-झुवारीतून माल आणून मोठ्या जहाजावर ओतीत, आणि माझ्यासमोर त्यातला एक खडादेखील कधी येत नसे, फक्त कागद येत. बिल ऑफ लेडिंग म्हणजे जहाजावर माल चढल्याची पावती, विम्याचा कागद, मालाच्या प्रतीचा दाखला. एकदा खरेदीदाराच्या नावातले एक अक्षर कमी पडले. जहाज पोहोचले, माल उतरला, त्याचे पोलादही झाले असेल, पण पैसे सतरा दिवस अडकून राहिले. चूक माझीच होती. दोन माणसे एकमेकांना कधीही न पाहता लाखोंचा व्यवहार करतात तो केवळ याच भरवशावर, की दोन्ही टोकांना कागद एकाच रीतीने वाचणारा कोणीतरी बसलेला आहे.

इब्न हौकल नावाचा एक प्रवासी दहाव्या शतकाच्या मध्याला सहाराच्या उत्तर काठावरच्या सिजिलमासा शहरात गेला होता. औदागुस्त या वाळवंटाच्या दक्षिण काठावरच्या व्यापारी गावातल्या एका माणसाने सिजिलमासाच्या एका व्यापाऱ्याला 42,000 दीनार देणे असल्याचा साक्षीदारांच्या सह्यांचा दस्तऐवज आपण पाहिला, असे तो लिहितो. अशा दस्तऐवजाला अरबीत 'सक्क' म्हणत. पूर्वेकडे इराक, फार्स, खुरासानमध्ये ही गोष्ट सांगितली तेव्हा लोक थक्क झाले, असेही तो नमूद करतो. ते का थक्क झाले हे मला नीट कळते. दोन गावांमध्ये जवळजवळ दोन महिन्यांचे वाळवंट, कोतवाल नाही, एक राजा नाही. आणि तरी 42,000 दीनार एका कागदावर उभे आहेत. तो कागद लिहिणारा, त्यावर साक्ष घालणारा आणि वाद झाल्यास तो वाचून निवाडा देणारा काझी, हे तिघेही एकाच प्रकारच्या शाळेत शिकलेले असल्याशिवाय हे घडत नाही. पैसे एका गावी भरून दुसऱ्या गावी उचलण्याची सोय 'सुफ्तजा' या चिठ्ठीने होई, जी आपल्या हुंडीची सख्खी बहीण शोभते. एकाने भांडवल द्यायचे, दुसऱ्याने ते घेऊन प्रवास करायचा, नफा ठरल्याप्रमाणे वाटायचा आणि बुडाले तर भांडवल देणाऱ्याचे बुडाले, प्रवास करणाऱ्याचे श्रम वाया गेले, असा मुदारबाचा करार तर धर्मशास्त्राच्या ग्रंथांतच कलमवार मांडलेला होता. काझी होण्यासाठी जे पढावे लागे त्यात नमाजाच्या नियमांइतकेच खरेदी-विक्री, भागीदारी आणि वारसा यांचे नियम होते.

म्हणूनच इब्न बतूता जेथे जाई तेथे त्याला काम मिळे. दिल्लीत महंमद तुघलकाने त्याला काझी नेमले आणि वर्षाला 12,000 दीनार पगार ठरवला; मालदीवात भाषा येत नसताना तो काझी झाला. त्याच्याजवळ विकायला घोडे नव्हते, मिरे नव्हते. तांजियरमध्ये तरुणपणी घेतलेले शिक्षण एवढेच त्याचे भांडवल होते आणि ते वठवणारा कोणीतरी त्याला तीस वर्षे प्रत्येक बंदरात भेटत गेला.

हा सगळा प्रकार आपल्याला परका वाटत असेल तर आपल्याच बोलण्याकडे कान द्यावा. हिशेब, बाकी, वसूल, करार, जामीन, सराफ, दलाल, वकील, तारीख, कलम. माझ्या नोकरीतल्या दिवसाचा अर्धा शब्दसंग्रह अरबी आहे. मालवण-वेंगुर्ल्याकडे गलबताच्या मालकाला किंवा तांडेलाला नाखवा म्हणतात, तो फारसी 'नाखुदा' आहे. होर्मुझच्या अशाच एका नाखुदाने, नूरुद्दीन फिरोझने, 1264 मध्ये सोमनाथजवळ मशीद बांधली. तिचा संस्कृत शिलालेख आज उपलब्ध आहे, त्यात मशिदीला 'मिजिगिति' म्हटले आहे आणि तारीख चार वेगवेगळ्या कालगणनांत दिली आहे: हिजरी, विक्रम, वलभी आणि सिंह. तो मसुदा ज्याने तयार केला त्याचे मला फार कौतुक वाटते. कोणत्याही पक्षाच्या वारसाला उद्या तारखेवरून हरकत घेता येऊ नये याची काळजी घेणारा तो पक्का कागदपत्री मनुष्य होता.

गोव्याची गोष्ट याहून दोन शतके जुनी आहे. कदंब राजा जयकेशी पहिला याच्या अकराव्या शतकातल्या ताम्रपटातून कळते ते असे. त्याच्या घराण्यातला गूहल्लदेव समुद्रमार्गे सोमनाथाच्या यात्रेला निघाला असता गलबताची डोलकाठी मोडली. तेव्हा गोव्याच्या बंदरातला एक धनाढ्य अरब व्यापारी मदतीला धावून गेला. ताम्रपटात त्याचे नाव 'मधुमद' असे, म्हणजे महंमदाचे संस्कृत वळण घेऊन, येते. पुढे त्याच्या नातवाला जयकेशीने कारभारात अधिकाराच्या जागी बसवले, आणि गलबतांवरच्या कराचे उत्पन्न धर्मकार्याला लावून दिले. राजा शैव, कारभारी मुसलमान, आणि बंदर गोपकपट्टण, आजच्या थोरल्या गोव्याच्या आणि आगशीच्या किनाऱ्याला.

आता त्याच सुमाराचे दुसरे टोक पाहावे. 1068 मध्ये अंदालुसियात, म्हणजे मुसलमानी अमलाखालच्या स्पेनमध्ये, बसून अल-बक्री याने पश्चिम आफ्रिकेतल्या घाना राज्याची माहिती लिहिली (आजचा घाना देश वेगळा; हे राज्य त्याच्या बरेच उत्तर-पश्चिमेला होते). अल-बक्री स्वतः तिकडे कधी गेला नाही. व्यापाऱ्यांकडून ऐकून आणि जुने लिखाण पाहून त्याने लिहिले, आणि टेबलावर बसून केलेल्या कामाला लोक उगाच कमी लेखतात असे मला त्याच्याकडे पाहून वाटते. घानाची राजधानी दोन गावांची होती. एक मुसलमान व्यापाऱ्यांचे, त्यात बारा मशिदी, पगारी इमाम, शास्त्र जाणणारे विद्वान. दुसरे राजाचे, तेथे देवराया आणि पुजारी. राजा आपल्या पूर्वजांच्या धर्माचा होता, परंतु त्याचे दुभाषे, त्याचा खजिनदार आणि बहुतेक मंत्री मुसलमान होते. देशात येणाऱ्या मिठाच्या प्रत्येक गाढवामागे तो एक दीनार कर घेई आणि बाहेर जाणाऱ्यामागे दोन. जयकेशी आणि घानाचा हा राजा समकालीन. दोघांनी एकमेकांचे नावही ऐकले असण्याचा संभव नाही. तरी दोघांनीही आपला देव न सोडता तेच केले: ज्याला दूरचा कागद वाचता येतो त्याला खजिन्याजवळ बसवले. ताम्रपटाचा कदंबकालीन गोवा आणि बारा मशिदींचे ते घाना, ही दोन चित्रे मी अनेक दिवस शेजारी ठेवून पाहत आहे आणि मला ती एकाच घराच्या दोन खोल्यांसारखी वाटतात.

मालीकडे परत येतो. 1352 च्या फेब्रुवारीत इब्न बतूता सिजिलमासाहून निघाला आणि पंचवीस दिवसांनी तगाझा येथे पोहोचला. मिठाच्या खाणींचे गाव. घरे आणि मशीदसुद्धा मिठाच्या लाद्यांची, वर उंटाच्या कातड्याचे छप्पर, झाड एकही नाही. आमच्याकडे चिऱ्यांची घरे तशी त्यांच्याकडे मिठाची. एका उंटावर दोन लाद्या चढवत. तोच उंटभर माल वाळवंटाच्या दक्षिण काठावरच्या वालाता येथे आठ ते दहा मिस्काल (सोने तोलायचे वजन) सोन्याला जाई आणि मालीच्या राजधानीत वीस ते तीस, कधी चाळीस मिस्कालांना. मीठ कापून त्याचे तुकडे नाण्यासारखे वापरत. मिठागरांच्या देशात वाढलेल्या माझ्यासारख्याला मिठाच्या तुकड्यासाठी सोने मोजणारा माणूस डोळ्यांसमोर आणायला थोडे कष्ट पडतात. परंतु तेथल्या माणसालाही, जमिनीतून मुबलक मिळणारे ते पिवळे देऊन हे पांढरे मिळते, यात काही वावगे वाटत नसणार.

मालीचा राजा मन्सा मूसा याची कथा आता सर्वांना ठाऊक झाली आहे. 1324 मध्ये तो हजला जाताना कैरोत थांबला आणि इतके सोने वाटले की भाव उतरला. बारा-एक वर्षांनंतरही मिस्काल पूर्वीच्या चांदीच्या पंचवीस दिरहमांवरून बावीसच्या आसपासच रेंगाळत होता, असे अल-उमरी या अरब लेखकाने नोंदवले आहे. जगातला सर्वांत श्रीमंत मनुष्य वगैरे जे आकडे फिरतात त्यांत मला रस नाही. येताना त्याने अस-साहिली या अंदालुसी कवीला आणि शास्त्र जाणणाऱ्या माणसांना बरोबर आणले, ही गोष्ट अधिक टिकली.

इब्न बतूता गेला तेव्हा मूसाचा भाऊ सुलेमान गादीवर होता. सुलतानाकडून भेट आली आहे असे ऐकून तो घाईने उठला, मनात उंची वस्त्रे आणि पैसे; प्रत्यक्षात तीन भाकऱ्या, तळलेल्या गोमांसाचा एक तुकडा आणि एक भोपळाभर दही. तो हसत सुटला. दिल्लीच्या दरबारात लाडावलेला माणूस! परंतु त्याच मनुष्याने पुढे लिहिले आहे की या देशात प्रवाशाला चोराचे किंवा जुलमाचे भय नाही, परदेशी माणूस मेला तर त्याची मालमत्ता कितीही असो, हक्कदार येईपर्यंत ती विश्वासू माणसाकडे ठेवतात, आणि पाठांतरात कसूर केली तर पोरांना कुराण पाठ होईपर्यंत बेड्या घालून बसवतात. शेवटच्या गोष्टीची तो स्तुती करतो. लहानपणी पावकी-निमकीसाठी अंगठे धरून उभा राहिलेला मी त्या स्तुतीत सामील होऊ शकत नाही. मृत परदेश्याच्या मालमत्तेची व्यवस्था मात्र, मयत खातेदारांच्या वारसांना कित्येक महिने खेटे घालताना पाहिलेल्या मला, फार मोठी गोष्ट वाटते.

याच पानांवर दुसरेही काही आहे आणि ते गाळून पुढे जाणे अप्रामाणिक ठरेल. 1353 मध्ये तो ज्या काफिल्याबरोबर परत निघाला त्यात सहाशे गुलाम स्त्रिया होत्या. तो हे एका वाक्यात सांगतो. मीठ, सोने, कवडी यांच्या वाटा ज्या होत्या, त्याच माणसे विकण्याच्याही होत्या, आणि माणसाच्या विक्रीचा कागदसुद्धा त्याच शास्त्राप्रमाणे, त्याच साक्षीदारांसमोर लिहिला जाई. आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावरून हिंदुस्थानात आणलेल्यांची गोष्ट आपल्याला जंजिऱ्याच्या सिद्दींमुळे आणि मलिक अंबरमुळे थोडी ठाऊक असते. पोर्तुगीज काळात गोव्यातून पळून घाटावर गेलेल्यांचे वंशज यल्लापूर-हल्याळच्या रानात आजही आहेत, आणि त्यांच्याबद्दल गोव्यात कोणी फारसे बोलत नाही.

त्या पूर्व किनाऱ्यावरचे किल्वा शहरही इब्न बतूताने 1331 च्या सुमारास पाहिले होते आणि त्याला ते फार सुंदर वाटले होते. झिंबाब्वेच्या पठारावरचे सोने सोफाला बंदरातून किल्व्याच्या व्यापाऱ्यांच्या हाती येई, आणि आपल्याकडचे सुती कापड आणि काचेचे मणी तिकडे जात.

विद्या कोणत्या वाटेने जाते याचे सर्वांत चांगले उदाहरण ज्या अंकांनी मी आयुष्यभर ताळेबंद जुळवले त्यांचेच आहे. भिनमाळच्या ब्रह्मगुप्ताने 628 मध्ये शून्यासह गणिताचे नियम मांडले. ती गणिते आठव्या शतकात बगदादला पोहोचली. नवव्या शतकात अल-ख्वारिझमीने हिंदी अंकगणितावर पुस्तक लिहिले. आणि पुढे इटलीतल्या पिसा गावचा लिओनार्दो, ज्याला आज फिबोनाची म्हणतात, हे अंक शिकला ते युरोपातल्या कोणत्याही विद्यापीठात नव्हे, तर उत्तर आफ्रिकेतल्या बुजिया बंदरात, जेथे त्याचा बाप पिसाच्या व्यापाऱ्यांच्या वतीने जकातीच्या कचेरीत कारकून होता. त्याचा ग्रंथ 1202 चा आहे. भिनमाळहून पिसाला शून्य गेले ते बगदाद आणि आफ्रिकेवरून, आणि शेवटच्या टप्प्यावर एका कारकुनाच्या मुलाच्या हातून. कारकुनांबद्दल इतिहासात इतके थोडे लिहिलेले सापडते की हे वाचून मला उगाच छाती फुगल्यासारखे झाले.

आतापर्यंत मी विद्येला व्यापाराची गडीण म्हणून रंगवले. सहाराच्या दक्षिण काठावरच्या टिंबक्टू शहरात मात्र हा संबंध उलटा झालेला दिसतो. सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला हसन अल-वझ्झान, ज्याला युरोपात लिओ आफ्रिकानस म्हणतात, तेथे गेला. उत्तर आफ्रिकेतून येणारी हस्तलिखित पुस्तके येथे खपतात आणि इतर कोणत्याही मालापेक्षा त्यांत जास्त नफा होतो, असे त्याने लिहिले आहे. किरकोळ व्यवहारात कवडी चालते, हेही तो सांगतो. पुढे टिंबक्टू ज्याच्या ताब्यात होते तो सोंघाई राज्याचा राजा अस्किया दाऊद याने एका विद्वानासाठी अरबी शब्दकोशाची प्रत 80 मिस्काल देऊन विकत घेतली. इब्न बतूताच्या वेळच्या मालीच्या राजधानीतल्या भावाने हे दोन ते चार उंटभर मीठ झाले. शतके वेगळी आहेत, तेव्हा ही तुलना केवळ अंदाजासाठी. सिजिलमासाचा करार वाचता यावा म्हणून जी अक्षरे शिकली गेली ती आता स्वतःच बाजारातला सर्वांत महाग माल झाली होती. 1591 मध्ये मोरोक्कोच्या सैन्याने बंदुकांच्या जोरावर हे राज्य मोडले आणि पुढे टिंबक्टूच्या विद्वानांना बेड्या घालून मराकेशला नेले. त्यांतला अहमद बाबा म्हणाला की माझी 1,600 पुस्तके गेली, आणि माझ्या नातलगांमध्ये माझाच संग्रह सर्वांत लहान होता.

दख्खनमध्ये या दोन्ही बाजू एका माणसात पाहायला मिळतात. महमूद गावान इराणातल्या गिलानचा व्यापारी; दाभोळ बंदरात उतरला तो व्यापारासाठीच, आणि बहमनी दरबारात 'मलिक-उत-तुज्जार', म्हणजे व्यापाऱ्यांचा प्रमुख, हा किताब मिळवून वजीर झाला. 1472 मध्ये त्याने विजयनगरकडून गोवा घेतला, आणि ज्याच्या हाती गोवा त्याच्या हाती अरबस्तानातून येणारे घोडे, हे त्याला व्यापारी म्हणून कोणी शिकवायला नको होते. त्याच वर्षी बिदरला त्याचा मदरसा उभा राहिला, आणि त्याच्या ग्रंथालयात 3,000 हस्तलिखिते होती असे सांगतात. 1481 मध्ये एका बनावट पत्राच्या आधारे त्याला ठार करण्यात आले. त्याच्या शिक्क्याच्या कोऱ्या कागदावर ते पत्र लिहिले होते. कागदावर उभा राहिलेला माणूस कागदानेच गेला. आमच्याकडे कोऱ्या कागदावर सही न करण्याचा नियम नव्या उमेदवाराला पहिल्या दिवशी सांगत असत.

चवथ होऊन महिना उलटल्यावर, ऑक्टोबरच्या एका रविवारी, मी नातीला घेऊन आगशीच्या किनाऱ्याला गेलो. चिऱ्यांच्या जुन्या बांधणीचे अवशेष तेथे चिखलात आणि झुडपांत दडलेले आहेत; माहीत नसेल तर मनुष्य त्यांना कोणाच्या तरी पडक्या कुंपणाची भिंत समजेल. मी मुद्दाम ओहोटीची वेळ पाहून निघालो होतो. पाठ फोडलेली एक कवडी तिने बरोबर आणली होती आणि ती दोऱ्यात ओवून मनगटाला बांधली होती. छत्तीस गावांची आणि गोड्या पाण्याची गोष्ट मी तिला गाडीत सांगितली होती, त्यामुळे खाली उतरताच तिने बोट पाण्यात बुडवून जिभेला लावले.

"खारट आहे," ती म्हणाली, आणि परत एकदा चाखून, "पण आपल्या मिरामारच्या पाण्याएवढे नाही."